काँक्रीट नेमकं कुठे बिघडतं? आराखडा, सळई, पाणी आणि सेंट्रिंग

मोकळा_मजला

काँक्रीटवरची चर्चा बहुतेक वेळा 'सिमेंट कुठलं घ्यावं' इथे सुरू होते आणि तिथेच विझते. इमारतीच्या आयुष्याचा विचार केला तर तो प्रश्न बराच खालच्या पायरीवर आहे. म्हणून हा धागा थोडं मागे जाऊन सुरू करतो.

दगडविटांच्या इमारतीत भिंत वजनही पेलते आणि खोल्याही पाडते. त्यामुळे खालची भिंत जाड, खिडक्या अरुंद आणि वरची भिंत खालच्या भिंतीच्या डोक्यावरच, ही सक्ती असते. सळईच्या काँक्रीटने ही दोन कामं वेगळी केली. फ्रान्स्वा एनबिकने १८९२ साली खांब, तुळई आणि स्लॅब एकसंध ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १९०३ साली सिनसिनाटीत इंगल्स बिल्डिंग ही काँक्रीटच्या सांगाड्याची १६ मजली इमारत उभी राहिली. १९१४ मध्ये वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने डोम-इनो नावाच्या घराच्या सांगाड्याचं चित्र काढलं: सहा खांब, तीन स्लॅब, एक जिना, आणि भिंत एकही नाही. आज आपण ज्याला साधी फ्रेम स्ट्रक्चर इमारत म्हणतो ती त्या चित्रातच आहे. भिंत कुठेही घ्या, काढून टाका, काचेची करा, इमारत उभीच राहते.

आता दुसरं टोक. रोमचं पँथिऑन साधारण इ. स. १२५ च्या सुमाराचं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आत एकही सळई नाही. घुमट जसजसा वर जातो तसतशी त्यातली खडी हलकी होत जाते, अगदी वर प्यूमिससारखा सच्छिद्र दगड आहे आणि जाडीही कमी होत जाते. घुमटाच्या आकारामुळे बहुतांश भाग दाबाखाली राहतो, आणि दाब घेणं हेच काँक्रीटचं बलस्थान. गंजायला आत काही नसल्यामुळे तो आजही उभा आहे.

माझा मुद्दा इथेच आहे. आपल्याला मोकळा मजला, लांब तुळई, अधांतरी गॅलरी मिळते ती सळईमुळे, आणि इमारतीचं वय ठरतं तेही सळईमुळेच. ओतकामाच्या वेळी आपण जे जे करतो किंवा टाळतो, त्याचा हिशेब शेवटी 'सळई कोरडी आणि जागेवर राहिली का' या एका प्रश्नापाशी येतो. जाणकारांनी आपापल्या भागाबद्दल नेमके आकडे आणि कारणं द्यावीत ही विनंती.

---

रसायनी

चांगला धागा. सळई आणि काँक्रीट यांचं जमतं का, इथून भर घालतो.

पहिलं कारण उष्णतेचं. एक अंश सेल्सियसला पोलाद मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं, काँक्रीट खडीच्या जातीनुसार १० ते १२ च्या आसपास. हे आकडे इतके जवळचे नसते तर दोघांची पकड पहिल्याच उन्हाळ्यात सुटली असती.

दुसरं कारण रासायनिक, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने हेच मोठं. ताज्या काँक्रीटमधल्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू १२.५ ते १३ असतो. इतक्या क्षारीय वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि गंज थांबतो. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू ९ च्या खाली उतरतो. ही सीमा सळईपर्यंत पोचली की संरक्षक थर मोडतो. पाणी आणि ऑक्सिजन असेल तर गंज सुरू. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. समुद्रकाठी किंवा खारी वाळू वापरली असेल तर क्लोराइड हाच थर सामू न उतरताही ठिकठिकाणी भोकं पाडून मोडतं.

यातलं एक गणित प्रत्येक साइटवर लावून ठेवावं असं आहे. कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २० मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) पार करायला ४० वर्षं लागणार असतील, तर त्याच काँक्रीटमध्ये १० मिमी कव्हर पार व्हायला १० वर्षंच पुरतात. कव्हर निम्मं झालं की आयुष्य निम्मं होत नाही, चौथाई होतं.

जुन्या इमारतीत ही सीमा कुठे आहे ते पाहायला ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारा. गुलाबी झालं तर क्षारीयता शाबूत, रंग आला नाही तर तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलं आहे.

---

सळई_रिंग

@रसायनी, वर्गमुळाचं गणित दिलंत हे फार बरं झालं. दहा मिलिमीटरने काय बिघडतं, या प्रश्नाला तेच उत्तर आहे.

कव्हरचे नेहमीचे आकडे: स्लॅब २० मिमी, तुळई २५ ते ३०, खांब ४०, पायाचं फुटिंग ५०. खाऱ्या हवेत किंवा रासायनिक कारखान्यात याहून जास्त. हे अंतर सर्वांत बाहेरच्या पोलादापर्यंत मोजायचं, म्हणजे तुळईत रिंगपर्यंत (मुख्य सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्यांपर्यंत). मुख्य सळईपर्यंत मोजलं तर ८ मिमीची रिंग तेवढी बाहेर येते, आणि गंज रिंगपासूनच सुरू होतो.

कव्हर ब्लॉक काँक्रीटचे, त्याच ताकदीचे हवेत. खडीचा तुकडा, फरशीची कपची किंवा लाकडाची चिप ठेवू नका. खडी घसरते, फरशीचा तुकडा आणि काँक्रीट यांच्यात फट राहते आणि त्या फटीतून पाणी थेट सळईपर्यंत जातं. ब्लॉक दर मीटरला एक, तेही बाइंडिंग वायरने बांधलेले. खांबात चारही बाजूंना लावा, नाहीतर ओतताना पिंजरा एका बाजूला सरकतो आणि एकीकडे ६० मिमी, दुसरीकडे १५ मिमी अशी स्थिती होते. बाहेरून काहीच कळत नाही.

बाइंडिंग वायरची टोकं आत वळवा. स्लॅबच्या तळाशी प्लायला टेकलेल्या टोकांचे तांबूस ठिपके पुढे गिलाव्यातूनही दिसतात.

---

निळी_प्रत

प्रश्न: साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळई तळाशी असते आणि छज्ज्यात वर. सलग दोन-तीन गाळ्यांच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबमध्ये मग नेमकं कुठे काय? साइटवर यावर बराच गोंधळ दिसतो.

---

सळई_रिंग

@निळी_प्रत, जिथे ताण तिथे सळई, एवढंच सूत्र. काँक्रीटची ताण घेण्याची ताकद दाब घेण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या भागाइतकीच असते.

दोन टोकांवर टेकलेला स्लॅब मध्ये खाली झुकतो, म्हणून तळ ताणला जातो. सलग स्लॅब मधल्या तुळईवरून जाताना उलटा वाकतो, तिथे वरचा पृष्ठभाग ताणला जातो. म्हणून गाळ्याच्या मध्यावर सळई खाली आणि तुळईवर वर. छज्जा, गॅलरी हे एका टोकाला धरलेले, त्यांचा वरचा भागच पूर्णपणे ताणाखाली.

धोका सर्वांत जास्त छज्ज्यात आहे, कारण तिथे दुसरा आधारच नाही. समजा स्लॅब १२० मिमी, कव्हर २० आणि सळई १० मिमीची. तळापासून सळईच्या मध्यापर्यंत ९५ मिमी मिळतात. ओतताना माणसं जाळीवरून चालली आणि सळई ३० मिमी दबली, तर उरले ६५. ताकद जवळपास एक तृतीयांशाने गेली. सळई पूर्ण तळाला बसली तर छज्जा नुसत्या काँक्रीटच्या ताणावर उभा राहतो आणि सेंट्रिंग (खालचा तात्पुरता साचा आणि टेकू) काढतानाच कोसळू शकतो.

म्हणून खुर्च्या, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार. १० किंवा १२ मिमीच्या सळईच्या, दर ७५० मिमी ते १ मीटरवर, वरची जाळी ८ मिमीची असेल तर आणखी जवळ. चालण्यासाठी फळ्या वेगळ्या टाकायच्या, त्या जाळीवर टेकवायच्या नाहीत. आणि वरची सळई आतल्या स्लॅबमध्ये पुरेशी लांब न्यायची. व्यवहारात छज्ज्याच्या लांबीच्या दीडपट आत नेतात, शेवटचा आकडा आराखड्यातला घ्या.

---

खडीवाळू

सळईबद्दल वर सगळं आलं. तिच्याभोवतीचं काँक्रीट किती घट्ट होणार हे पाण्यावर ठरतं, म्हणून पाण्याबद्दल सविस्तर लिहितो.

डफ एब्रॅम्सने १९१८ मध्ये मांडलेला नियम आजही लागू आहे: नीट दाबून बसवलेल्या काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या वजनाच्या गुणोत्तरावर ठरते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी लागतं, आणि तयार होणाऱ्या जेलमध्ये आणखी सुमारे १५ टक्के अडकून राहतं. म्हणजे ०.३८ ते ०.४ च्या पलीकडचं सगळं पाणी फक्त मिश्रण हलवायला सोपं जावं म्हणून असतं. ते पुढे उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं. रसायनी यांनी सांगितलेला कार्बन डायऑक्साइड शिरतो तो याच छिद्रांतून.

५० किलोच्या एका पोत्याला ०.५ च्या हिशेबाने २५ लिटर पाणी. पण हे एकूण पाणी आहे. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मध्ये पोत्यामागे वाळू साधारण ७५ ते ८० किलो. वाळू ५ टक्के ओली असेल तर तिच्यातच जवळपास ४ लिटर पाणी आलं, वरून २१ लिटरच घालायचं. हे कुणी वजा करत नाही. उलट, ओली वाळू फुगते: त्याच ५ टक्क्यांना आकारमान २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. घमेल्याने किंवा फर्म्याने मोजलं तर वाळू प्रत्यक्षात कमी पडते आणि मिश्रण खडबडीत होतं. मग ते सरकत नाही म्हणून पुन्हा पाणी. शक्य असेल तिथे वजनाने मोजा.

रेडी मिक्समध्ये, म्हणजे कारखान्यातून गाडीने तयार येणाऱ्या काँक्रीटमध्ये, दुसरी गोष्ट. ६ घनमीटरच्या गाडीत ड्रम फिरवत १०० लिटर पाणी सोडलं, तर घनमीटरमागे सुमारे १७ लिटर झालं. मूळ मिश्रण ३५० किलो सिमेंट आणि १६८ लिटर पाणी, म्हणजे ०.४८ चं असेल, तर ते ०.५३ वर गेलं. २८ दिवसांची ताकद साधारण दहा टक्के किंवा त्याहून अधिक घसरते. पातळपणा हवाच असेल तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणारं रसायन) घाला, सिमेंटच्या वजनाच्या ०.५ ते १.५ टक्के, आणि मिश्रणाच्या आराखड्यात ठरलेलाच.

स्लंप, म्हणजे मिश्रणाचा पातळपणा, मोजायला शंकूशिवाय काही लागत नाही: उंची ३००, तळ २००, माथा १०० मिमी, तीन थर, प्रत्येक थराला १६ मिमीच्या दांड्याने २५ ठोके. शंकू सरळ वर उचला आणि मिश्रण किती खाली बसलं ते मोजा. तुळई-स्लॅबला ७५ ते १०० मिमी, पंपाने न्यायचं असेल तर १०० ते १५०.

---

ओळंबा

@खडीवाळू, आकडे बरोबर आहेत, पण दोष फक्त पाणी सोडणाऱ्यावर येऊ नये. पाणी का वाढवलं जातं ते पाहा. खांब आणि तुळईच्या सांध्यात चार बाजूंच्या तुळयांच्या सळया, वर खांबाचे जोड, आणि त्यात २० मिमीची खडी. ती जाणारच नाही. ओतणाऱ्याकडे त्या क्षणी दोनच पर्याय असतात, पाणी वाढवणं किंवा पोकळी सोडणं.

हे कागदावरच सुटायला हवं. खडीचा सर्वांत मोठा दाणा दोन सळयांमधल्या मोकळ्या अंतरापेक्षा किमान ५ मिमीने लहान आणि घटकाच्या कमीत कमी जाडीच्या चौथाईच्या आत. गर्दीच्या सांध्यासाठी १० मिमी खडीचं, जास्त स्लंपचं मिश्रण वेगळं मागवा. खांबातले सळयांचे जोड एकाच पातळीवर न घेता आलटून पालटून घ्या. नीडल (व्हायब्रेटरची कंप पावणारी नळी) जाईल एवढी एक उभी वाट प्रत्येक सांध्यात मोकळी ठेवा आणि ती आराखड्यावर दाखवा.

---

खडीवाळू

@ओळंबा, पूर्ण सहमत. मागणी नोंदवतानाच स्लंप योग्य सांगितला तर गाडीपाशी वाद होत नाही.

व्हायब्रेटरबद्दल राहिलं होतं. एक टक्का पोकळी राहिली की ताकद ५ ते ६ टक्के घटते, पाच टक्क्यांना सुमारे ३० टक्के. ४० मिमीची नीडल साधारण २५० मिमीवर एकेकदा, सरळ उभी, झटकन आत आणि सावकाश बाहेर. एका जागी ५ ते १५ सेकंद. हवेचे बुडबुडे थांबले आणि वर चकाकी आली की पुरे. थर ४५० मिमीपेक्षा जाड नको आणि नीडल खालच्या थरात १०० मिमी जायलाच हवी, नाहीतर दोन थरांमध्ये आडवी रेघ राहते. नीडलने काँक्रीट आडवं ओढत नेऊ नका. खडी मागे राहते आणि नुसता गाळ पुढे जातो. सळईला नीडल टेकवून हलवलं तर काही अंतरावर जे काँक्रीट घट्ट व्हायला लागलंय त्याच्याशी सळईची पकड सुटते.

खांबात दीड मीटरपेक्षा उंचावरून थेट टाकू नका. सळयांवर आपटत जाताना खडी वेगळी होते आणि खांबाच्या तळाशी, म्हणजे सर्वांत जास्त भार येतो तिथेच, मधाच्या पोळ्यासारखी पोकळी दिसते. तिच्यावर लगेच सिमेंट फासून टाकणं हा सर्वांत वाईट उपाय. सैल खडी काढा, घट्ट काँक्रीट लागेपर्यंत खणा, खोली पाहा आणि इंजिनिअरला दाखवूनच भरा.

---

शटर_पट्टी

सेंट्रिंग हे तात्पुरतं काम म्हणून दुर्लक्षित राहतं, पण काँक्रीट घट्ट होईपर्यंत तीच इमारत असते.

१५० मिमीचा ओला स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३७५ किलो. त्यावर माणसं, पंपाचा पाइप आणि एका जागी पडलेला ढीग. टेकू भरावावर उभा असेल तर खाली फळी किंवा प्लेट हवीच. रात्री पाऊस झाला की भराव दबतो आणि स्लॅब मध्ये पोटाला येतो. उभ्या साच्यात दाब द्रवासारखा वाढत जातो: ३ मीटरचा खांब एका दमात भरला तर तळाशी चौरस मीटरला सुमारे साडेसात टन. खांबाच्या साच्याचे शिकंजे म्हणूनच तळाशी जवळ जवळ आणि वर लांब.

काढण्याचे दिवस, साध्या पोर्टलँड सिमेंटला आणि हवामान फार थंड नसताना:

खांब, भिंती, तुळईच्या बाजू: १६ ते २४ तास.
स्लॅबचा तळ, टेकू लगेच पुन्हा लावणार असाल तर: ३ दिवस. तुळईचा तळ, तसाच: ७ दिवस.
स्लॅबचे टेकू, गाळा ४.५ मीटरपर्यंत: ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४.
तुळईचे टेकू, गाळा ६ मीटरपर्यंत: १४ दिवस, त्याहून मोठा असेल तर २१.

फ्लाय ॲश किंवा स्लॅग असलेल्या सिमेंटची सुरुवातीची ताकद हळू चढते, तिथे दिवस वाढवा.

काढण्याचा क्रमही महत्त्वाचा. दोन्हीकडे टेकलेल्या गाळ्यात मध्यापासून सुरुवात करून टोकांकडे जा. छज्ज्यात बाहेरच्या टोकापासून भिंतीकडे. छज्ज्याचे आतले टेकू आधी काढून बाहेरचा तसाच ठेवला, तर छज्जा दोन टोकांवर टेकलेल्या स्लॅबसारखा वागतो, ताण तळाला येतो, आणि तळाला सळई नसते.

वरचा मजला ओतताना खालच्या मजल्याचे सगळे टेकू काढलेले असतील, तर ओल्या स्लॅबचं पूर्ण वजन एका कोवळ्या स्लॅबवर येतं. निदान एक मजला खालीही टेकू ठेवा, आणि ते वरच्या टेकूंच्या थेट रेषेत.

---

निळी_प्रत

क्युरिंगबद्दल, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल, कुणीतरी लिहा. स्लॅबवर पाणी साठवतात, पण खांबांवर मात्र दिवसातून दोनदा पाइप फिरवून मोकळे होतात.

---

रसायनी

आणि खांबाला वरून भार जास्त, पृष्ठभाग चारही बाजूंनी उघडा. सर्वांत जास्त गरज तिथेच आहे.

काँक्रीट वाळून कडक होत नाही. पाण्याशी होणाऱ्या क्रियेने ते घट्ट होतं, आणि आतला ओलावा साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेला की ही क्रिया जवळपास थांबते. दिवसातून दोनदा भिजवलं की मधल्या काळात पृष्ठभाग वाळतो. वरचे २०-३० मिमी, म्हणजे नेमकं कव्हरच, अर्धवट राहतं. आतला गाभा बहुतेक बरा असतो, त्यामुळे क्यूबचा (ताकद तपासायला ओतलेल्या नमुन्याच्या ठोकळ्याचा) निकाल चांगला येतो आणि दहा-पंधरा वर्षांनी पोपडे पडतात.

खांबाला गोणपाट गुंडाळा, सुतळीने बांधा, ते सतत ओलं राहील असं पाहा. वरून प्लास्टिक गुंडाळलं तर पाणी कमी लागतं. साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश किंवा स्लॅग असलेल्याला १०, कोरड्या उष्ण हवेत १० ते १४. स्लॅबवर मातीची किंवा पातळ मसाल्याची आळी करून ५० मिमी पाणी.

पहिले काही तास वेगळे. चौरस मीटरमागे तासाला १ किलोपेक्षा जास्त पाणी उडायला लागलं, म्हणजे ऊन, वारा आणि कोरडी हवा एकत्र आली, की घट्ट होण्याआधीच पृष्ठभागावर तिरप्या, समांतर भेगा पडतात. अशा दिवशी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ओता, आडोसा लावा, सपाटी झाली की लगेच प्लास्टिक अंथरा. भेगा दिसल्या आणि काँक्रीट अजून मऊ असेल तर पुन्हा थापी मारून त्या मिटतात. सिमेंट भुरभुरवून झाकल्या तर मिटत नाहीत.

---

मोकळा_मजला

उघड्या काँक्रीटकडे वळू या, कारण तिथे वरचं सगळं डोळ्यांना दिसतं. ल कॉर्बुझिएची मार्सेयमधली युनिते ही रहिवासी इमारत १९५२ ला पूर्ण झाली. तिथे लाकडी फळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या. त्याच्याच चंदीगडच्या सचिवालयात, विधानसभेत तीच खरखरीत भाषा आहे. लुई कानने सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये साच्याचे सांधे आणि बांधणीची भोकं आधी रेखून घेतली, तादाओ आंदोच्या भिंतींत ९०० बाय १८०० मिमीचे पॅनेल आणि त्यांतल्या भोकांची रांग हीच रचना आहे. या इमारतींत साच्याचा आराखडा हाच दर्शनी भिंतीचा आराखडा आहे. प्लायची मांडणी, सांध्यांच्या रेषा, एका ओतकामाची उंची हे सगळं वास्तुविशारदाने काढून द्यायला हवं. साइटवर सोडलं तर निकाल योगायोगावर जातो.

---

शटर_पट्टी

त्यात भर.

सांधा गळला की तिथून सिमेंटचं पाणी जातं आणि वाळूची काळपट रेघ राहते. प्लायच्या कडा सरळ कापून मध्ये फोमची पट्टी दाबा. साच्याचं तेल अगदी पातळ, फडक्याने पुसून. जास्त झालं तर डाग पडतात आणि गिलावा किंवा रंगही धरत नाही. नवं आणि जुनं प्लाय एकाच भिंतीत मिसळू नका. नवं जास्त पाणी शोषतं, त्यामुळे रंगात फरक येतो.

पाणी-सिमेंटचं गुणोत्तर थोडं बदललं तरी छटा बदलते, म्हणून एका दर्शनी भिंतीला एकच सिमेंट, एकाच खेपेचं. प्लास्टिक गुंडाळताना ते पृष्ठभागाला जागोजागी चिकटलं की तिथे गडद ठसे राहतात, थोडं अंतर ठेवा.

आणि एका थराची ओतण्याची रेष लपत नसते. तिथे २० मिमीची तिरपी पट्टी साच्यात ठोकून मुद्दाम खाच पाडा, रेष खाचेत जाते. छज्ज्याच्या, गॅलरीच्या तळाशी कडेपासून थोडं आत अशीच खाच म्हणजे पाणतोड. ती नसेल तर पाणी तळाला चिकटून भिंतीपर्यंत येतं आणि काळे ओघळ पाडतं.

मूळ भिंतीआधी खऱ्या उंचीचा एक नमुना ओता. लहान तुकडा चालत नाही, त्यात खालचा दाब आणि नीडलची खोली दिसत नाही.

---

ओळंबा

सांध्याचा विषय निघालाच आहे तर: स्लॅबचं काम अर्ध्यावर थांबवावं लागलं तर गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात, जिथे कर्तन बल (स्लॅब आडवा कापू पाहणारं बल) कमी असतं तिथे थांबवा. टोकाला फळी लावून उभा कापा, उतरता ढीग सोडू नका. दुसऱ्या दिवशी वरचा पांढरट भुकटीचा थर तारेच्या ब्रशने काढून खडी उघडी करा, पृष्ठभाग भिजवा पण पाणी साचू देऊ नका, मग ओता. बरेच जण नुसतं सिमेंटचं पाणी ओततात. खालची भुकटी तशीच असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि ते पाणी वाळून गेल्यावर ओतलं तर उलट पकड आणखी कमी होते.

आणखी एक: प्लंबिंग, एसीचे पाइप यांसाठी स्लीव्ह (पाइप जाण्यासाठीच्या नळ्या) आधीच बसवा. तुळईत भोक लागलंच तर उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात, टोकांपासून दूर, आणि इंजिनिअरने ठरवलेल्या जागीच. नंतर कोअर कटरने सळई कापली गेली की ती परत येत नाही.

---

निळी_प्रत

सगळ्यांचे आभार. एक शेवटचा व्यवहारातला प्रश्न: छताचे पोपडे पडून सळई उघडी पडली असेल तर तिथे गिलावा करून चालेल का? आणि हॅमर टेस्टवर (काँक्रीटवर स्प्रिंगचा हातोडा आपटून तो किती उसळतो ते मोजणाऱ्या चाचणीवर) किती विश्वास ठेवावा?

---

रसायनी

हॅमर फक्त वरच्या काही मिलिमीटरांचा कडकपणा सांगतो. कार्बोनेशनने पृष्ठभाग उलट कडक होतो, त्यामुळे जुन्या, खराब होत चाललेल्या काँक्रीटवर आकडा चांगला येतो. इमारतीच्या वेगवेगळ्या भागांची तुलना करायला तो वापरा, ताकद ठरवायला कोअर (कापून काढलेला दंडगोल नमुना) काढा.

---

सळई_रिंग

नुसता गिलावा चालत नाही. गंज आत सुरूच राहतो आणि काही वर्षांत तो गिलावा मोठ्या तुकड्यांनी पडतो.

आधी पाणी कुठून येतं ते शोधून बंद करा: वरची गच्ची, न्हाणीघर, पाइपचा सांधा. मग खाली टेकू द्या. हातोडीने सगळ्या स्लॅबवर ठोकत जा. भद्द आवाज येतो तेवढा भाग खडूने आखा, तो नेहमी दिसणाऱ्या पोपड्यापेक्षा मोठा निघतो. कडा उभ्या कापा आणि सळईच्या मागे २० ते २५ मिमी जागा होईल इतकं काढा. अर्धी सळई जुन्या काँक्रीटमध्ये ठेवून पुढचा भाग नवीन मसाल्याने झाकला तर मागून गंज चालू राहतो. लांबीलाही स्वच्छ, चकाकणारी सळई लागेपर्यंत जा.

गंज तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने काढून व्यास मोजा. १२ मिमीची सळई १० मिमी उरली असेल तर छेदाचं क्षेत्रफळ ११३ वरून ७८.५ चौरस मिमीवर आलं, म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त पोलाद गेलं. अशा ठिकाणी नवी सळई पुरेशा जोडलांबीने बाजूला घालावी लागते, आणि किती घालायची हे इंजिनिअर ठरवेल. मग सळईला जस्तयुक्त किंवा सिमेंट-पॉलिमरचा लेप, जुन्या काँक्रीटला बाँडिंग कोट, तो चिकट असतानाच पॉलिमर मिसळलेला मसाला १० ते १५ मिमीच्या थरांत दाबून. शेवटी ओलं गोणपाट, मसाल्याच्या पोत्यावर दिले असतील तेवढे दिवस.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. दुरुस्त केलेल्या तुकड्यातली सळई सुरक्षित झाली की शेजारच्या जुन्या भागातल्या सळईचा गंज कधीकधी वेगाने वाढतो, विशेषतः क्लोराइड असेल तर. म्हणून फक्त पडलेला तुकडा भरून थांबू नका. त्या खोलीतल्या सगळ्या स्लॅबवर फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी करा, कव्हर मीटर (सळई किती खोल आहे ते बाहेरून मोजणारं उपकरण) फिरवा, आणि दुरुस्तीची हद्द त्यावरून आखा.